ओट्याला भिडलेली पायरी

परवा पुण्यात थांब्यावर नवी बस आली, फुस्स आवाज करत दाराच्या बाजूनं झुकली आणि मी कुबडीसह सरळ आत गेले. सगळ्यांना त्या बसचं कौतुक. मला मात्र शेखमामांची लाल गाडी आठवली.

माझी दहावीची परीक्षा होती. पोलिओनं एक पाय अधू. कुंभार पिंपळगावच्या थांब्यावर गाडीची पहिली पायरी मला फार उंच पडायची, म्हणून बाबा सगळ्यांदेखत उचलून चढवायचे. सोळा वर्षांची मी, शरमेनं मान वर करायची नाही. ड्रायव्हर शेखमामांनी ते आरशात पाहिलं असणार.

दुसऱ्या पेपरला त्यांनी गाडी थांब्याशेजारच्या बाजारातल्या पोती उतरवायच्या बुटक्या ओट्याकडं वळवली. लावली, खाली उतरून वितीनं अंतर मोजलं, पुन्हा मागं घेतली.

"ओ मामा, टाइम होऊन राह्यला!" आतून कुणीतरी ओरडलं.

"थांबा जरा. पोरगी पेपरला चालली, आपल्या पायानं चढंल."

तिसऱ्यांदा पायरी ओट्याला बराबर भिडली. ओट्यावरून दांडा धरून मी एकटी चढले. तेव्हा सगळे बघतात याचाच राग आला होता. आभारसुद्धा मानले नाहीत.

मग गाडी रोज तिथंच लागू लागली. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया ओट्यावर येऊन थांबू लागल्या. शेवटच्या पेपरला बाबा म्हणाले, "मामा, उद्यापासून तरास घेऊ नका. परीक्षा संपली."

"पोरीची संपली," मामा म्हणाले. "बाकीच्यांचे गुडघे हायेतच की."