काच नंबर त्रेसष्ट

प्रयोगशाळेत तिला सगळे घार म्हणत. सव्वीस वर्षं कफाच्या काचा मायक्रोस्कोपखाली बघून नजर अशी तयार झालेली, की फुफ्फुसातल्या बुरशीचा एक धागाही सुटायचा नाही. गर्वही तेवढाच.

मग रक्त तपासणारं मशीन आलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शंभर रुग्णांवर तुलना लावली: मशीन, घारीची काच आणि ताटलीत बुरशी वाढवून बघणं. ताटली शेवटचा शब्द, पण तिला तीन आठवडे लागत. तोवर उपचार काचेवरच. नमुन्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. मशीन जिंकलं तर घारीचं टेबल अडगळीत जाणार होतं.

कफावर पोटॅशचा थेंब टाकून वीस मिनिटं थांबायचं असतं. कफ विरघळतो, मगच धागे दिसतात. हे तिथल्या प्रत्येकाला तिनेच शिकवलेलं. पण मशीन चालवणारा पोरगा, आपलं उत्तर केव्हाच आलं म्हणून, घड्याळ दाखवून चिडवायचा आणि हिचं पित्त खवळायचं. विसाची दहा झाली, दहाची पाच. शहाण्या बाईला कोण सांगणार?

त्रेसष्ट नंबरवर दोघांचं वाजलं.

"ताई, मशीन बुरशी आहे म्हणतंय. परत बघा ना एकदा."

"तुझ्या डब्याला काय कळतंय? मी नाही म्हटलं म्हणजे नाही!"

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ हसत घरी आला. सहा महिने खोकत होता, तिनेच ढकलून तपासणीला पाठवलेला. "काही नाही निघालं. उगाच घाबरवलंस." तिचा जीव भांड्यात पडला.

एकविसाव्या दिवशी ताटलीत हिरवट बुरशी तरारली. डॉक्टरीणबाईंनी यादी उघडून तिच्यापुढे सरकवली. त्रेसष्टसमोर भावाचं नाव होतं. खोकल्यातून रक्त पडून तो आदल्या दिवशीच वरच्या वॉर्डात दाखल झालेला.

ती धावत वर गेली. भावजय गोळ्या हातात धरून रडत होती.

"घेतच नाहीत हो, ताई! तुम्ही सांगा."

"ही विषारी औषधं मी नाही घेणार," भाऊ म्हणाला. "काच तूच बघितलीस ना?"

"माझी चूक झाली रे. घाई केली मी. घे त्या, पाया पडते तुझ्या."

तो खोकत खोकत हसला. "तुझी चूक? जन्मात कधी झाली? नोकरीची भीती घालून तुझ्याकडून वदवून घेतायत हे लोक."

तिने शपथा घातल्या, कपाळ बडवून घेतलं. शेवटी तिचं मन राखायला त्याने गोळी तोंडात टाकली.

पाचव्या दिवशी तो गेला. चादर बदलताना गादीखाली सगळ्या गोळ्या सापडल्या.