पन्नासची लेन्स आणि नल्लकुंट्याचा हॉल

दुसरी लेन्स घ्यायला हैदराबादला जाऊ का, असं तुमच्यापैकी तिघाचौघांनी विचारलंय, म्हणून लिहायला बसलेय. जा. कोठीच्या गल्लीत जुन्या लेन्स मिळतात, चांगल्या मिळतात, आणि नव्याच्या निम्म्या भावात मिळतात. पण माझा हा प्रवास चांगला झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शेवटी म्हणाल, बाई, हे काय वाढलंत आमच्या पानात.

कॅमेरा घेऊन मला वर्ष झालं. नांदेडला शाळेत शिकवते, पन्नाशीला टेकलेय, आणि या वयात हा नाद लागला. कॅमेऱ्यासोबत जी साधी झूम लेन्स येते तिनं वर्षभर शाळेचं स्नेहसंमेलन, गोदावरीचा घाट, शेजारणीचं मांजर असं सगळं काढलं. मग सगळ्या नवशिक्यांना होतो तो आजार मलाही झाला. फोटो वाईट येतात ते लेन्समुळे, असं वाटायला लागलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. नेटवर जो तो सांगत होता, दुसरी लेन्स पन्नासचीच घ्या, म्हणजे पन्नास एमएमची, बिनझूमची. स्वस्त आहे, हलकी आहे, घरातल्या उजेडातही चालते, आणि माणसाचा चेहरा तिच्याइतका छान कशात येत नाही.

मला चेहरा एकच काढायचा होता, माझ्या आक्काचा.

आई गेली तेव्हा आक्का एकोणीस वर्षांची होती, मिलिंददादा दहाचा आणि मी सहाची. वडील परभणीकडून येऊन काचीगुड्याला रेल्वेत लागलेले. ड्युटीवरून आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आक्कानं कॉलेज सोडलं, तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टायपिंगला लागली आणि आम्हा दोघांना शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आम्ही कधी विचारलंही नाही. आता बासष्टची आहे, नल्लकुंट्याला दादा-वहिनींकडे राहते. आणि आमच्या एकाही अल्बममध्ये ती नाही. माझ्या लग्नाच्या एका फोटोत ताट पुढं करणारा तिचा हात आहे तेवढा. फोटो निघायचे तेव्हा ती नेहमी स्वयंपाकघरात असायची, आणि तिला बाहेर बोलवायचं कुणाला सुचायचं नाही. मलाही नाही.

दादाचा मुलगा अनिकेत शिकायला जर्मनीला निघाला. रविवारी सकाळी घरी बुद्धवंदना, मग जेवण, संध्याकाळी विमान. म्हटलं, शुक्रवारी पोचायचं, शनिवारी लेन्स घ्यायची, रविवारी आक्काचा फोटो. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "पांढरी साडी इस्त्रीला टाकते मग."

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघाले. नांदेडहून काचीगुडा म्हणजे दिवसाचा प्रवास, खिडकीची जागा मिळाली तर कंटाळा येत नाही. धर्माबाद सोडलं की डब्यातली भाषा बदलते. बासरला गोदावरीचा पूल येतो तेव्हा कॅमेरा हातात ठेवा, पण उजेड समोरून असतो, माझे सगळे फोटो पांढरेफटक आले. निजामाबादला वडा घ्या, चटणी मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. काचीगुड्याला उतरल्यावर रिक्षावाले पहिला भाव सांगतात तो नुसता ऐकून घ्यायचा आणि चालू लागायचं. मी दीडशेवरून नव्वदवर आणलं आणि बरकतपुऱ्यावरून नल्लकुंट्याला पोचले. दादाची इमारत जुनी आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

घरात वहिनींचं माहेर आधीच आलेलं होतं. पुण्याहून आई-बाबा, भाऊ-भावजय आणि त्यांची दोन मुलं. मला आक्काच्या खोलीत जागा दिली. खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची बाल्कनी, काचा लावून बंद केलेली. मी गेल्या वेळी आले तेव्हा आक्काला खरी खोली होती. तिथं आता अनिकेतचं टेबल आणि कपाट आहे. मी काही बोलायच्या आत आक्काच म्हणाली, इथं हवा चांगली येते.

शनिवारी आम्ही दोघी बसनं कोठीला गेलो. बायकांना तिथल्या साध्या बसला तिकीट पडत नाही, पण आधार कार्ड तेलंगणाचं लागतं. माझं महाराष्ट्राचं, म्हणून कंडक्टरनं माझे पैसे घेतले आणि आक्काला शून्याचं तिकीट दिलं. ती खूश. म्हणाली, चाळीस वर्षं या गावात काढल्याचा एवढा तरी फायदा झाला. हे ती हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

कॅमेऱ्याची दुकानं आतल्या गल्लीत आहेत, विचारत विचारत जावं लागतं. जुनी लेन्स घेताना एवढं करा. मोबाईलचा टॉर्च लावून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लेन्स खाली ठेवा आणि निघा. कडी फिरवून बघा, खरखर नको. आणि आपला कॅमेरा बरोबर न्या, लावून दहा-बारा फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. आमचा दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर, बोलणं पक्कं दखनी. त्यानं दोन लेन्स काढून ठेवल्या. एक पन्नासची, आणि एक चोवीसची, जिच्यात बसल्या जागी सगळी खोली मावते. पन्नासची तो आठ हजारांना म्हणत होता. आक्कानं अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या दखनीत त्याला असं काही धरलं की तो साडेसहावर आला. ऑफिसातला सगळा माल तीच मोजून घ्यायची, ते अंगात मुरलंय.

मात्र पैसे घेण्याआधी त्यानं मला एक गोष्ट नीट सांगितली. "अम्मा, पचास में पिच्छू जाना पडता. घर छोटा है तो सब लोगां नै आते. तुमकू घर केच फोटो निकालने तो चोबीस लेलो."

मी हसून म्हटलं, मला एकाच माणसाचा काढायचाय. आक्का शेजारीच बसली होती. तिनं पदर सारखा केला.

दुकानात तिच्यावरच लेन्स तपासून बघावी म्हणून कॅमेरा वळवला, तर तिनं तोंडावर हात धरला. या अवतारात नको, उद्या नीट काढू, म्हणाली. मग मी दुकानदाराच्या कॅलेंडरचे आणि पंख्याचे फोटो काढले. सुरेख आले. येताना चिक्कडपल्लीला उतरून आम्ही मिरची भजी खाल्ली, आणि आक्कानं केसांना लावायच्या काळ्या पिना घेतल्या.

रविवार. वंदना आक्कानंच म्हटली, कारण त्या घरात आता ती तिलाच सबंध येते. पांढरी साडी कडक इस्त्रीची, केस चापून बसवलेले, खिडकीतून सकाळचा उजेड येत होता आणि ती त्रिशरण म्हणत होती. तेव्हाच काढायला हवा होता फोटो, पण वंदनेत कॅमेरा खटखटवणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, संपल्यावर काढू.

संपल्यावर वहिनी म्हणाल्या, आधी सगळ्यांचा एक घ्या, मग मुलं कपडे खराब करतील. बरोबरच होतं. सगळे सोफ्यावर आणि सोफ्यामागे उभे राहिले, मुलं खाली. आक्का उजव्या टोकाला. मी कॅमेऱ्यातून बघितलं तर अनिकेत आणि त्याचे दोन्ही आजी-आजोबा, बस, एवढेच दिसले. मागे सरकले. पाठ दाराला लागली. दार उघडून बाहेर गेले, समोरच्यांच्या दाराला पाठ टेकली, तेव्हा कुठं नऊ जण मावले. दहावी आक्का. तिचा अर्धा चेहरा आत, अर्धा बाहेर.

कुणी सरकायला तयार नव्हतं असं नाही. सरकले. मुलांना मांडीवर घेतलं. तरी आक्का अर्धीच. अनिकेत घड्याळ बघत म्हणाला, आत्या, जल्दी. आणि मग वहिनी म्हणाल्या, अगदी सहज, "आक्का काय, घरच्याच आहेत. त्यांचा केव्हाही निघेल."

दादा शेजारीच होता. ज्याच्या फीचे पैसे भरायला ही बाई रविवारीसुद्धा टायपिंग करायची, तो दादा. तो टाय नीट करत होता.

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी दाराबाहेर कॅमेरा डोळ्याला लावून उभी. माझी बॅग आत चपलांच्या रॅकवर होती आणि तिच्यात जुनी झूम लेन्स होती, जिच्यात दहाच काय, पंधरा माणसं मावली असती. लेन्स बदलायला अर्धं मिनिट लागतं. मला हे त्या क्षणी माहीत होतं, आता सुचलेलं नाही. पण नवी लेन्स लावलेली, पुण्याची पाहुणे मंडळी बघत होती, वहिनींचा भाऊ नुकताच म्हणाला होता की ताई अगदी प्रोफेशनल वाटताय, आणि आता त्यांच्यासमोर ती प्लास्टिकची लेन्स काढायची मला लाज वाटली. लाजच, दुसरा शब्द नाही. आक्का म्हणाली, "माझा वेगळा काढणारच आहे ती," आणि बाजूला झाली. मी बटण दाबलं. चार वेळा दाबलं.

मग पानं मांडली. आक्का वाढायला लागली, मीही लागले, त्या कडक साडीवर वरणाचा डाग पडला. बॅगा, वजनकाटा, रडारड, टॅक्सी. विमानतळाच्या गाडीत सगळे मावत नव्हते, तेव्हा आक्का घरीच थांबली, आणि तिच्याबरोबर मी. ते गेल्यावर मी कॅमेरा घेऊन मागं गेले तर ती जुन्या साडीवर भांडी घासत होती. म्हटलं, चल ना आक्का. ती म्हणाली, साडी बदलली गं, आता राहू दे. मी म्हटलं, ही साडी पण चांगली दिसते. त्यावर तिनं नळ मोठा केला.

सोमवारी सकाळी पुन्हा विचारलं. तिनं पोळ्या-भाजीचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, गाडी चुकेल तुझी. काचीगुड्यापर्यंत सोडायला आली, फलाटावर पाण्याची बाटली भरून आणली. मी एकदाही कॅमेरा बाहेर काढला नाही. काढायची हिंमत झाली नाही. येतानाच्या गाडीत बासरच्या पुलावर उजेड मागून होता, फोटो चांगले आले असते.

आता हिशेब. लेन्स उत्तम आहे. शाळेतल्या पोरींचे चेहरे तिच्यात इतके छान येतात की त्यांच्या आया फोटो मागायला येतात. तेव्हा पन्नास घ्या की चोवीस, याचं उत्तर त्या म्हाताऱ्यानं दिलंय, माझ्याकडून वेगळं काही मिळणार नाही. लेन्सचा काही दोष नाही. दोष दादाचा आहे, वहिनींचा आहे, असं मी आठवडाभर स्वतःला सांगून बघितलं. वहिनींनी तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला आणि मला मोबाईलवर पाठवून दाखवला. खाली इंग्रजीत 'आमचं कुटुंब' असं लिहिलंय, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव, फोटो काढणारी म्हणून.

परवा आक्काला फोन केला. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत येते, फक्त तुझ्यासाठी येते, नुसते तुझेच फोटो काढायचे. ती म्हणाली, ये की. मग शाळेचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं. बोलणं संपत आलं तशी तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं,

"सुनंदा, तुझी जुनी लेन्स त्या दिवशी बॅगेतच होती ना गं?"

मी म्हटलं, "होती."

"हां, मला वाटलंच," ती म्हणाली. मग म्हणाली, कुकर लावायचाय, ठेवते.