भिंतीला खिळा नसलेलं घर

शोभाकाकूंच्या लेकीचा, वैशालीताईचा फोन आला तेव्हा मी गावी होतो. चुलतभावाच्या लग्नाच्या मांडवात शिडीवर उभा राहून लाइटच्या माळा जोडत होतो. "गजू, आई गेली रे... चहा मागितला तिनं. मी ठेवायला आत गेले, बाहेर येऊन पाहते तर..." मी शिडीवरून उतरलो आणि वायरच्या वेटोळ्यावरच बसलो. बाबा खुर्च्या मांडत होते. माझ्याकडे पाहून ते जवळ आले आणि एवढंच म्हणाले, "खिळेवाल्या बाई?" मी मान हलवली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "जाय. लग्नाचं आम्ही पाहून घेऊ. तू निंघ लवकर."

माझे बाबा शोभाकाकूंना कायम खिळेवाल्या बाईच म्हणायचे. खरं तर काकूंच्या अख्ख्या घरात त्यांच्या हयातीत एकच खिळा ठोकला गेला, आणि तो माझ्यासाठी.

मेहकरजवळच्या आमच्या गावात मुलगा दहावी झाला की पहाटे डांबरी सडकेवर धावायला लागतो. हे कुणी कुणाला सांगत नाही. घरच्यांनी बूट आणले की समजायचं. माझे दोन मोठे चुलतभाऊ फौजेत होते आणि बाबा चार माणसांत बसले की म्हणायचे, "आमचा गजानन तिसरा." मला कुणी विचारलं नव्हतं. तक्रार म्हणून सांगत नाही, मी स्वतःलाही विचारलेलं नव्हतं. भरतीच्या वयाला अजून वर्षभर अवकाश होता. आईच्या नात्यातल्या एकाने उज्जैनला मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम बघून दिलं. तेवढ्यात काही शिकशील, सकाळी धावशील, आणि भरती निघाली की परत ये, असा हिशेब होता. शाळा तिथेच सुटली. एक बॅग आणि ते बूट घेऊन मी उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडवर उतरलो.

माधव नगरच्या एका गल्लीत काकूंचं घर होतं आणि वरची एक खोली त्या भाड्याने देत. खोलीत पलंग, खुर्ची आणि चार स्वच्छ भिंती. मी खाली जाऊन विचारलं, "काकू, हातोडी मिळेल का? शर्ट टांगायला एक खिळा ठोकतो."

"किती दिवसांसाठी?" त्या गवार निवडत होत्या, मान वर केली नाही.

"भरती निघेपर्यंत. मग फौजेत जायचंय."

"ठरलं?"

"बाबांनी ठरवलंय."

"मी बाबांना नाही विचारून राहिले." आता त्यांनी वर पाहिलं. "हे बघ, जाणाऱ्यानं भिंतीला भोक पाडू नये. जायचं का राहायचं ते तू पक्कं कर. राहायचं ठरलं तर मला सांग, हातोडी मी स्वतः आणून देईन. तोपर्यंत खुर्ची आहे ना रे, तिच्यावर टाक शर्ट. फालतूमध्ये टेन्शन नको घेऊ."

मला वाटलं, बाई विक्षिप्त आहे. मग खालचं घर नीट पाहिलं. कुठेच, कशालाच खिळा नव्हता. काकूंचे यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. त्यांच्याबरोबर काकूंचं सगळं आयुष्य छावण्यांमधल्या क्वार्टरांत गेलं. दोन-तीन वर्षं झाली की बदली, आणि क्वार्टर सोडताना भिंती तपासल्या जायच्या. म्हणून काकू भिंतीला हातच लावत नसत. पुढे उज्जैनला, आपल्या माहेरच्या गावात, स्वतःचं घर बांधलं तरी ती सवय गेली नाही. काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात सुभेदारांचं नाव आणि वरून काकूंनी विणलेले क्रोशाचे रुमाल... हेच टेबल, हीच बसायची जागा, हाच देव्हाऱ्याचा ओटा. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं. आरसा खिडकीत टेकवलेला, त्यामुळे भांग पाडताना गुडघ्यात वाकावं लागे. भिंतीवरचं घड्याळ भिंतीवर नव्हतंच, ते एका ट्रंकेवर सुभेदारांच्या फोटोशेजारी टेकून उभं असे. त्या घरात ज्याला वेळ बघायची तो कमरेत वाकायचा. पाहुणे पहिल्यांदा हसायचे, मग वाकायचे.

रोज सकाळी मी धावायला निघायचो आणि परत यायचो तेव्हा काकू ओट्यावर चहा घेऊन बसलेल्या असायच्या. "काय रे, चीनपर्यंत जाऊन आलास का?" हे ठरलेलं वाक्य. मी धापा टाकत म्हणायचो, "नाही, टावर चौकापर्यंत." "मग एवढा हाशहुश कशाला? चाय घे." मी एकदा म्हटलं, काकू, तुमची मराठी अर्धी हिंदी आहे. त्या म्हणाल्या, "आणि तुझी अर्धी झोपेत आहे. सकाळपासून तीन शब्द बोललास." त्यांना माझं न बोलणं बरोबर कळायचं. पण त्या खोदून विचारत नसत. फक्त दर थोड्या दिवसांनी, जिना चढताना मागून आवाज यायचा, "गजू, ठरलं का रे?" आणि मी म्हणायचो, "बघतो."

मी धावत बरा होतो. उंची, छाती, सगळं मापात होतं. भीती गोळीची वगैरे नव्हती, गोळी कुणी पाहिलीये? घोळ वेगळाच झाला होता. मला दुकान आवडायला लागलं होतं. जळलेली मोटार उघडली की तिच्यातून करपलेला वास येतो. आतली काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी तांब्याची तार मोजून वेटोळी करायची, खाचांमध्ये बसवायची, दोऱ्याने आवळायची, वार्निश पाजायचं. रब्बीच्या दिवसांत आसपासच्या गावांतून शेतकरी पाण्याच्या मोटारी घेऊन येत आणि दुकानाच्या पायरीवरच बसून राहत, कारण तिकडे गहू तहानलेला असे. मी एकट्याने बांधलेली पहिली मोटार दुकानाच्या मालकांनी, उस्तादांनी टेबलावर ठेवून चालू केली तेव्हा ती नुसती गुणगुणली... ना खरखर, ना धूर. उस्ताद म्हणाले, "ठीक है." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार होतं. मी त्या दिवशी घरी पळत आलो आणि काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज धाप नाही लागली तुला."

दिवाळीच्या आधी लोक घर झाडतात, काकू घर बांधायच्या. दरवर्षी एका रविवारी त्या सगळं सामान ट्रंकांमध्ये भरायच्या, जणू बदलीचा हुकूम आलाय. मग रिकाम्या खोल्या धुऊन काढायच्या आणि सामान पुन्हा लावायच्या. त्या वर्षी मी मदतीला होतो. "काचेचं सामान चादरींमध्ये गुंडाळ. जड खाली. आणि ही ट्रंक बघ," त्यांनी सर्वांत छोटी पुढे ओढली, "हिच्यात स्टोव्ह, पातेलं, चहा-साखर, कप. ही सगळ्यात शेवटी भरायची आणि पोचल्यावर सगळ्यात पहिली उघडायची. नवीन गाव कितीही परकं असू दे, चाय झाली की माणूस पाय पसरून बसतो."

मी विचारलं, "काकू, काकांना फौज आवडायची?"

"खूप. बिगुल वाजला की ह्यांच्या चेहऱ्यावर उजेड यायचा. त्यांना आवडायचं म्हणून मलाही आवडून गेलं. मी तर म्हणते, पुन्हा जन्म मिळाला तर पुन्हा ह्याच ट्रंका." मग चादरीची घडी छातीशी धरून त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्या कुणाच्या मनासाठी आलेली पोरंही पाहिली मी. चांगली पोरं होती. ड्यूटी चोख करायची, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या पायरीवर येऊन बसायची. मी चहा द्यायची. काय बोलायची नाहीत बिचारी..." मग एकदम म्हणाल्या, "तुझी ट्रंक भरली तर तिच्यात सगळ्यात वर काय ठेवशील?"

मी विचार न करता बोलून गेलो, "टेस्टर आणि पक्कड."

काकू हसत सुटल्या. "वर्दीवर टेस्टर! सीमेवर काय पंखे दुरुस्त करशील?" मीही हसलो. पण आपण चटकन काय बोलून गेलो, हे मला दिवसभर आठवत राहिलं.

तरीही ठरवायला मला दिवाळी उलटून जावी लागली. मी काकूंना म्हटलं, "माझं ठरलं. तुम्ही बाबांशी बोलाल का? तुम्ही फौजेतल्या आहात, तुमचं ऐकतील."

"मुळीच नाही. माझं ऐकतील, मग तुझं कधी ऐकतील? तू बोल. मी आत चाय ठेवते, दार उघडं राहू देते."

ओट्यावर बसून मी फोन लावला. बाबांना पहिल्यांदा समजलंच नाही, मग समजलं. "मंग लोकाइले काय सांगू मी?" मी म्हटलं, "सांगा, गजानन मोटारी बांधते. चांगल्या बांधते." तिकडून फोन बंद झाला. काकू कप घेऊन आल्या, शेजारी बसल्या, पाठीवर हात ठेवला. माझा चहा संपल्यावर त्या आत गेल्या आणि त्या छोट्या ट्रंकेतून हातोडी घेऊन आल्या. सुभेदारांची, ट्रंकेची कडी वाकली तर सरळ करायला ठेवलेली. "चल वर."

त्यांनी खुर्ची धरली, मी वर चढलो. पहिल्या घावाला पोपडा उडाला, दुसऱ्याला खिळा वाकला. मी घाबरून खाली पाहिलं. काकू म्हणाल्या, "ठोक ठोक. घर पडलं का? नाही ना?"

बाबा दोन वर्षं आले नाहीत. आईशी बोलणं व्हायचं, ते मागे खाकरताना ऐकू यायचे तेवढंच. मग एका उन्हाळ्यात न सांगता आले, खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन. दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, मला काम करताना पाहत राहिले. संध्याकाळी खोलीवर आलो. काकू चहा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, टोपी त्या खिळ्याला टांगा. तुमच्या मुलानं मोठ्या धीरानं ठोकलाय तो." बाबांनी खिळ्याकडे पाहिलं, जवळ जाऊन बोटाने हलवूनही पाहिला. "वाकडा ठोकला हाये," ते म्हणाले. पण टोपी टांगली. काकू जिन्यापर्यंत हसत गेल्या. तेव्हापासून त्या खिळेवाल्या बाई.

पुढे काकूंचे डोळे अधू झाले तेव्हा रविवारची ही पुरवणी मी त्यांना वाचून दाखवायचो. अडखळलो की म्हणायच्या, "थांबून वाच, कुठे ट्रेन पकडायचीये?" म्हणून हा लेख इथे पाठवायचं धाडस केलंय. दहावीवरच्या माणसाने लिहावं की नाही, या काळजीत आठवडे गेले, पण त्यांच्या सवयीची जागा हीच होती.

गेल्या वर्षी त्या खूप आजारल्या आणि घरीच सलाइन लावायचं ठरलं. वैशालीताई पुण्याहून आली होती. कंपाउंडर बाटली हातात घेऊन चारी भिंती पाहत फिरला. "आंटी, एक भी कील नहीं है?" मी हातोडी आणायला निघालो, तर काकूंनी माझा शर्ट धरला. आवाज अगदी बारीक झाला होता, पण तोरा तोच. "कील नहीं है, लड़का है. ये पकड़ेगा." आणि मी बाटली उंच धरून पलंगाशी उभा राहिलो. हात भरून यायचा, मी बदलायचो. मधेच डोळे उघडून त्या म्हणाल्या, "भरतीची तयारी कामी आली ना?" ताई रडता रडता हसली. त्या वेळी काकू सावरल्या; पुढे मी गावी असताना ताईचा तो फोन आला.

तेराव्यानंतर ताईने काकूंचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला. हार तयार होता. तिने तीच हातोडी माझ्यापुढे धरली आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, "कुठे ठोकूया?" आम्ही दोघं त्या कोऱ्या भिंतीपुढे उभे राहिलो. मी हातोडी घेतली आणि खाली ठेवली. म्हटलं, "ताई, ट्रंकेवरच राहू दे का? काकांच्या बाजूला." ताईने फोटो ट्रंकेवर टेकवला, क्रोशाचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "हो. हुकूम आला तर दोघांना लगेच निघता येईल."

ताई पुण्याला परत गेली. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेली. वर माझ्या खोलीत तो वाकडा खिळा आहे, त्याला माझा दुकानातला शर्ट असतो. सकाळी कामाला निघताना मी खाली येऊन दार उघडतो, दिवा लावतो आणि किती वाजले ते पाहतो. घड्याळ अजून तिथेच आहे, त्या दोघांच्या शेजारी, ट्रंकेवर टेकून उभं... आणि वेळ बघायची तर त्या घरात अजूनही वाकावं लागतं.