कौसल्याबाईंच्या कानातली मालगाडी

कूलरचा एक जुना पत्रा आणायला मी नागपूरला जाणार, असं घरी जाहीर केलं तेव्हा नवऱ्याने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. पंचवीस वर्षांच्या संसारात या खुणेचा अर्थ मला पाठ झालाय. सांगलीहून नागपूर म्हणजे रेल्वेने एक अख्खा दिवस आणि वर काही तास. तेही पत्र्यासाठी.

पण पत्रा साधा नव्हता. इंटरनेटवर एका चित्रकलेच्या साईटवर मी त्याचा फोटो पाहिला होता. बशीएवढ्या डोळ्यांची एक बाई, बुबुळांच्या जागी विजेचे मीटर. डावा कान म्हणजे बोगदा, त्यातून कोळशाची मालगाडी बाहेर पडलेली आणि तिचे डबे बाईच्या डोक्याभोवती वेणीसारखे गुंडाळलेले. इंजिन चालवणारा एक लठ्ठ डास. चित्राच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी. खाली नाव होतं, 'धनराज पेंटर, नागपूर', आणि साईटवाल्यांनी त्याला 'लोब्रो सर्रिअलिस्ट' असं काहीतरी म्हटलं होतं. कडांच्या त्या तपकिरी रंगाबद्दलच दोन परिच्छेद होते. मी शाळेत भूगोल शिकवते, चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी आठवडाभर ते चित्र डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी तिथे दिलेल्या नंबरवर फोन केला.

"कुरिअरनं नाही जमत मॅडम, पत्रा वाकते," धनराज म्हणाले. "तुम्हीच या. पोळ्याच्या टायमाले या, तवा मी घरीच राहतो." किंमत विचारली तर म्हणाले, "पत्रा माझ्या कूलरचाच आहे. मले नवा कूलर घेऊन द्या, झालं." सौदा इतका सरळ होता की मलाच त्यात खोट वाटायला लागली.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. नागपूर स्टेशनवरून रिक्षावाल्यांशी घासाघीस करू नका. शेजारीच मेट्रो आहे. तिसऱ्या स्टेशनावर, चितार ओळीला उतरा. तिकीट चहाच्या पैशात येतं. उतरल्यावर पहिल्या गर्दीच्या गाड्यावर तर्री पोहे खा. पोह्यांवर हरभऱ्यांचा लालभडक रस्सा ओततात, ती तर्री. मी कोल्हापूरच्या बाजूची, तिखटाचा मला गर्व आहे, तरी दुसरी प्लेट मागताना आवाज जरा बसलाच होता. श्रावण संपत आला होता, पाऊस नव्हता आणि घाम असा की छत्री न्यावी की पंचा, तेच समजत नव्हतं.

धनराजांचं घर एका बोळात. पन्नाशीला टेकलेला काटक माणूस, नखांत पक्का हिरवा रंग. पुढच्या खोलीत कूलरचे पत्रे भिंतीला ओळीने उभे. कशावर हंसांची जोडी, कशावर पोपट, कशावर हिमालय आणि त्याच्या पायथ्याशी, का कोण जाणे, एक स्कूटर. वर भिंतीवर जुन्या सोंगांचे फोटो, त्यांत पोटात पंखा असलेला एक माणूस. उन्हाळ्यात कूलर रंगवायचे, एरवी दुकानांची शटर आणि पाट्या, आणि श्रावणात बडग्या, असं त्यांचं वर्ष.

बडग्या म्हणजे काय ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. मारबत आणि बडगे ही बांबू-कागदाची मोठाली सोंगं. गावाचा वर्षभराचा त्रास त्यांच्या गळ्यात घालायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत शिवेबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. मोठ्या मिरवणुकीत नामी बडगे असतात. धनराज बनवतात तो त्यांच्या बोळाचा, घरगुती.

मी वही काढून प्रश्न विचारायला बसले. एवढ्या लांब आले होते, कलावंताच्या मनात शिरल्याशिवाय जाणार नव्हते. "ही माणसं तुम्हाला स्वप्नात दिसतात का?"

"नाही जी. मले स्वप्नं पडतच नाहीत. पडलो की झोपतो."

"मग डोळे एवढे मोठे का?"

"मागच्याले दिसले पाहिजे ना. बडग्या पाहाले गर्दी असते."

"आणि पोटात पंखा असलेला तो माणूस?"

"ते आमच्या बोळातले गुप्ताजी. त्यांच्या पोटात गॅस होते. म्हणे, पोटात पंखा फिरल्यासारखं वाटते."

मी वही मिटली. लहानपणी सर्कशीची पोस्टरं, काडेपेटीवरचे पैलवान आणि केस कापायच्या दुकानातली कॉमिक्स पाहून हात वळला, एवढं मात्र त्यांनी आपणहून सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, "मॅडम, हे लोब्रो म्हणजे चांगलं की वाईट?" मी सांगायचा प्रयत्न केला की जी कला मोठ्या दालनांतून नाही, तर रस्त्यावरून, पोस्टरांवरून आणि शटरांवरून येते, तिला तसं म्हणतात. ते म्हणाले, "शटर तर मी करतोच." आणि समाधानाने चहा प्यायले. पत्रा कुठाय विचारलं तर म्हणाले, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी पोळा. शहरात बैल कमी आणि पुरणाचा वास जास्त. सकाळी गेले तर धनराजांच्या दारात रांग. बोळातले लोक एकेक करून येत होते, आपला त्रास सांगत होते आणि धनराज दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून घेत होते. डास. गुडघे. पोरगी मोबाईलमधून तोंड वर काढत नाही. वरच्या मजल्यावरचे पहाटे मिक्सर लावतात. यातून संध्याकाळपर्यंत सोंगाचं तोंड तयार व्हायचं. जगभरातले लोक ज्याला अतिवास्तव कल्पनाशक्ती म्हणत होते ती अशी दारावर खडूने लिहिलेली होती. मला हसू येत होतं आणि थोडं फसवल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

रांगेत शेवटी समोरच्या घरातल्या कौसल्याबाई आल्या. सत्तरीच्या, मूगवड्या घालून विकणाऱ्या. ऐकू कमी येतं म्हणून बोलणं मोठ्याने. "धनराज, माझी गाडी काही गेली नाही गा. मागच्या साली सांगितली होती ना, कानातली? वर्षभर चालूच आहे. तू नीट जाळली का नाही?"

धनराज घाईने दाराकडे वळून खडूने 'कान' लिहायला लागले.

आणि इथे मी माती खाल्ली. कानातली गाडी म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की मी मोबाईल काढला, फोटो उघडला आणि बाईंच्या पुढे धरला. "या तुम्हीच का? हेच चित्र न्यायला मी आलेय."

रांगेतले लोक मोबाईलभोवती गोळा झाले. मग सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी आयत्या वेळी पावसाने पुठ्ठ्याच्या तोंडाचा भिजून लगदा झाला. धनराजांनी हाताशी होता तो आपल्याच कूलरचा पत्रा सोडवला आणि तासाभरात त्यावर रंगवलं. बडग्या पेटला, पण तोंड आधीच सुटून चिखलात पालथं पडलं. कडा करपल्या, मधला रंग राहिला. दुसऱ्या दिवशी धनराजांना ते राखेशेजारी सापडलं. त्यांनी ते घरी आणलं, धुतलं आणि खाटेमागे लपवलं; शटरच्या एका गिऱ्हाइकाने तिथेच फोटो काढून साईटवर टाकला, ते बोळात कुणाला माहीत नव्हतं. शिवेबाहेर काढलेला सगळ्या बोळाचा त्रास ते पुन्हा बोळात घेऊन आले होते. साईटवाल्यांचे तपकिरी रंगावरचे दोन परिच्छेद मला आठवले आणि मी मान खाली घातली.

"काहून आणलं गा?" कौसल्याबाईंनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"चांगलं झालं होतं, काकू," धनराज म्हणाले. "तीस वर्षांत एवढं चांगलं नाही झालं माझ्या हातून. टाकवलं नाही."

लोक चिडले. गुप्ताजी म्हणाले, पुन्हा जाळा. कुणी म्हणालं, पत्रा जळत नाही, भंगारात द्या. दुसरं म्हणालं, भंगारातून कुणाच्या घरी जाईल काय माहीत. शेवटी धनराज आत गेले आणि पत्रा घेऊन बाहेर आले. दुसऱ्या हातात तारेचा ब्रश होता. "खरडून टाकतो," म्हणाले. फोटोत दिसतं त्यापेक्षा ते चित्र कितीतरी भारी होतं, आणि धनराजांचा चेहरा पाहवत नव्हता. माझ्या मनात आलं की मी आले नसते तर हे घडलंच नसतं. मग वाटलं, पण बाईंचा कान? मी त्या गाडीवर विश्वास ठेवत नाही. तरी मी कोणाच्या बाजूने आहे तेच मला कळेना.

कौसल्याबाईंनी पत्रा आपल्याकडे ओढला. बराच वेळ पाहिला. डब्यांवरून बोट फिरवलं, डासापाशी थांबल्या.

"मी अशी दिसते काय गा?"

"नाही काकू. तुम्ही सांगितलं तसं काढलं."

"बरोबर काढलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले दहा वेळा सांगितलं, त्याले समजलं नाही. तुले बरं समजलं." आणि ब्रश त्यांनी धनराजांच्या हातातून काढून घेतला. "खरडायचं नाही."

मी धीर करून म्हटलं, मी घेऊन जाते. सांगली इतकी लांब आहे की शिव आपोआप ओलांडली जाईल. लोकांना ते लगेच पटलं. अडल्या त्या कौसल्याबाई.

"त्रास जाळायचा असते, बाई. दुसऱ्याच्या घरी नसते पाठवायचा. उद्या तुमच्या कानात गाडी सुरू झाली तर?"

"मी हे मानत नाही, आजी."

"तुम्ही नाही मानत जी. पण गाडी तर मानते ना."

संध्याकाळी त्या मला माझ्यासाठी राखून ठेवलेल्या पुरणपोळीसाठी घरी घेऊन गेल्या आणि पोळीवर तूप वाढता वाढता त्यांनी निकाल दिला. पत्रा न्या, पण दर रविवारी फोन करायचा आणि कान ठीक आहे का ते खरं सांगायचं. काही झालं तर पत्रा परत आणायचा. मी कबूल केलं. पुरण कोरडं असतं तिकडे, जायफळ जास्त, आणि तुपात हात आखडत नाहीत.

मारबतीच्या दिवशी गर्दीत एवढी रेटारेटी होती की मला मिरवणुकीतली मानाची काळी मारबत पाठमोरीच दिसली. जाणार असाल तर सकाळीच जागा धरा आणि पायात जुन्या चपला घाला. बोळाचा बडग्या यंदा पुठ्ठ्याचाच होता, तोंडाच्या जागी मिक्सर. तो पेटला तेव्हा धनराज शेवटचा तुकडा राख होईपर्यंत काठीने ढोसत उभे होते. ते चित्रही छान होतं. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "हो, पण हे जाण्यासाठीच होतं." मग मागच्या वर्षीचं कशासाठी होतं, ते मी विचारलं आणि त्यांनी खांदे उडवले. "मलेच नाही समजलं, मॅडम."

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी नव्या कूलरचा सौदा पुरा करून मी जुन्या चादरीत बांधलेला पत्रा घेऊन गाडीत बसले. बर्थखाली तो मावेना, म्हणून भिंतीशी उभा केला. वर्ध्यानंतर चादर सरकली आणि समोरच्या बाईंनी पोराला आपल्या कुशीत ओढलं. तिकीट तपासनीस म्हणाला, देवी आहे का? मी हो म्हटलं. सोपं पडलं.

आता तो पत्रा आमच्या बैठकीत आहे. नवऱ्याने तीन दिवस त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचला, चौथ्या दिवशी खुर्ची फिरवली. येणारे जाणारे विचारतात हे काय आहे, आणि मी दर वेळी वेगळं सांगते, कारण अतिवास्तव कला, बोळाची तक्रार, न जळलेली पीडा, एका बाईचं तिला आवडलेलं एकमेव चित्र, यातलं खरं कोणतं ते माझं अजून ठरलेलं नाही.

रविवारी दुपारी मी फोन करते. कौसल्याबाई ओरडून विचारतात, "कान ठीक आहे ना?" मी ठीक म्हणते आणि त्यांना विचारते. "गाडी चालूच आहे. माझ्याकडेच आहे, तुम्ही निवांत राहा." दर वेळी हेच, आणि अगदी खुशीत. मला वाटायचं, बिचारीचा त्रास काही गेला नाही, आणि हेही वाटायचं की त्रास पत्र्याबरोबर जात नाही, म्हणजे माझंच बरोबर होतं.

मागच्या आठवड्यात फोन धनराजांनी उचलला. काकू वड्या वाळवायला गेल्या होत्या. बोलता बोलता म्हणाले, "त्यांची गाडी तर केव्हाचीच बंद झाली. दिवाळीपासून मस्त झोपतात. तुम्हाले सांगू नको म्हणतात, उगाच घाबराल."

तेवढ्यात बाई आल्या आणि फोन त्यांच्या हातात गेला. "चालूच आहे हो गाडी," त्या म्हणाल्या. "तुमचा कान?"

दिवाळीपासून दुपारी आडवी झाले की माझ्या डाव्या कानात काहीतरी घरघरतं. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे होतं. नवरा म्हणाला, फ्रिज असेल.

"ठीक आहे आजी," मी म्हटलं. "एकदम ठीक."