एक जागा सुटू दे

पेढे आधी वाटले आणि यादी मागून वाचली, एवढ्यात माझं सगळं चरित्र येतं, असं आमच्या घरी अजूनही पाहुण्यांना सांगितलं जातं. सांगणारी अर्थात आमची ही.

त्या वर्षी आमच्या मुलीनं सातवी पास होऊन मुलींच्या सरकारी हायस्कूलची प्रवेश परीक्षा दिली होती. आठवीचा एकच वर्ग, आणि त्यासाठी अमरावती शहरातल्याच नव्हे, तर पार नांदगाव खंडेश्वरापर्यंतच्या मुली बैलगाडीतून, मोटारीतून येऊन परीक्षेला बसलेल्या. दुसऱ्या शाळा होत्या, पण त्यांची फी कचेरीतल्या कारकुनाच्या आवाक्यातली नव्हती. म्हणजे इथं जागा मिळाली तर पुढचं शिक्षण. नाही तर पोळ्या लाटायला शिकणं आणि स्थळाची वाट पाहणं.

निकाल शाळेच्या भिंतीवर चिकटवला होता. ही गर्दी! माझ्यापुढं एक मोठं पागोटं होतं. त्याच्या वरून टाचा उंचावून पाहिलं, तर आमच्या मुलीचं नाव पहिलं. पहिलं! मी पुढचं काही पाहिलंच नाही. तडक हलवायाकडं गेलो, पेढे घेतले, अख्ख्या कचेरीत वाटले. साहेबांच्या टेबलावरही दोन ठेवले. उरलेले घेऊन घरी आलो, तर पोरगी ओट्यावर गुडघ्यांत तोंड घालून बसलेली.

"बाबा, ते वेगळी यादी होती," ती म्हणाली.

पागोट्यानं वरचा मथळा झाकला होता. 'प्रतीक्षा यादी' असा. कोणी जागा सोडली तरच बोलावतात, ती.

"म्हंजे पहिलीच आली ना ते," आमची ही म्हणाली, "न आलेल्यायच्यात."

आणि खऱ्या यादीत अगदी शेवटचं नाव होतं ते आमच्या मुलीच्याच मैत्रिणीचं. ती भाजीवाल्या काकूंची मुलगी. काकूंचा मळा शहराच्या जकात नाक्यापलीकडं, वडाळीच्या वाटेला. काकू रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन आमच्या आळीत यायच्या आणि पोरगी आमच्या ओट्यावर आमच्या मुलीबरोबर अभ्यासाला बसायची. दोघींना गणित मीच शिकवलं. ती पास झाली, त्याअर्थी शिकवणं काही वाईट नव्हतं, असं मी घरात एकदा म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. सातवा महिना लागला होता, तरी टोपली सुटली नव्हती. ओट्याला टेकत म्हणाल्या, "बाबूजीनं पेढे वाटले म्हने. उरला असन त एक द्या बाई, माह्या पोरीचा समजून खातो."

आमची ही हसली आणि मग पदर डोळ्यांना लावला. काकूंनी पेढा अर्धा मोडून तिलाच दिला.

"रडू नका. देवीले बोलून टाका. एक जागा सुटू दे म्हना, ओटी भरतो म्हना. फुलं माह्याकडून. यंदा मोगरा लय आला हाय."

"पन कोनाची सुटन व?"

"कोनाची का सुटेना! एवढ्या पोरी हायेत. एखादीच्या बापाची बदली होईन, एखादीचं लगन जमन. आपल्याले एकच त पाह्यजे. माह्या पोरीले एकटीले करमनार नाही तिथं."

नवस ठरला तो असा. शब्दही काकूंचेच.

पण मी कचेरीतला माणूस. नवसाआधी अपील. अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा आहे, अशी माझी समजूत होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही. आमच्या हेडक्लार्कांनी मसुदा वाचला आणि हळूच म्हणाले, "यात एक कलम टाका. शहरातल्या मुलींचा हक्क आधी, अन् शेवटची निवडलेली मुलगी नाक्याबाहेरची आहे. संपलं काम."

मी म्हणालो, "ते नाही जमायचं." घरी येताना छाती अशी फुगली होती की सायकलचं हँडल दिसत नव्हतं.

अपील ऐकायचं ते मुलींच्या शाळांच्या तपासणीस बाईंनी, आणि त्या तेव्हा अकोल्याला मुक्कामी होत्या. आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कुठला कागद नागपुरात आणि कुठला मुंबईच्या वाटेवर, हे कोणालाच ठाऊक नसायचं, म्हणून माणसानंच कागदामागं जायचं. मी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्यात त्यांच्या दारात दिवसभर उभा राहिलो. शेवटी आत बोलावलं. बाई नऊवारीतल्या, केस पिकलेल्या, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी माझा चार पानी अर्ज पूर्ण वाचला. असा वाचणारा मला पुढं कधी भेटला नाही.

"अर्ज छान आहे," त्या म्हणाल्या, "पण गुण अर्ज लिहिणाऱ्याला द्यायचे नसतात."

"तपासण्यात काही चूक..."

"मी स्वतः पाहिलं. चूक नाही. जागा सुटली तर तुमचीच मुलगी. त्यात कोणी ढवळाढवळ करणार नाही, एवढा शब्द देते."

परत आलो आणि त्याच संध्याकाळी आम्ही दोघं देवीला गेलो. हात जोडून आमची ही पुटपुटली, तेच मीही पुटपुटलो. एक जागा सुटू दे.

शाळा सुरू झाली. काकूंची मुलगी एकटी जायची. संध्याकाळी घरी जाण्याआधी आमच्या ओट्यावर बसून त्या दिवशी काय शिकवलं ते सगळं आमच्या मुलीला सांगायची. "तुहं नाव लागलं का मांगं पडाले नको," म्हणायची. मी दर शनिवारी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा. चपराशी लांबूनच हात हलवायचा, "नाही जी बाबूजी, या हप्त्यात कोनी नाही!" एकदा त्यानं विचारलं, "एवढ्या पोरी हायेत, एकीलेबी ताप कसा नाही येत जी?" मी हसलो होतो.

श्रावणात काकू बाळंतीण झाल्या आणि तिसऱ्या दिवशी गेल्या. दवाखान्यात नेईतो उशीर झाला होता. बाळ जगलं. आम्ही मळ्यावर गेलो तेव्हा पोरगी बाळाला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होती. आमच्या हिला पाहूनही रडली नाही. बाळाच्या मानेखाली हात धरायचा असतो, त्यामुळं डोळे पुसता येत नव्हते.

खरं सांगतो, त्या दिवसांत शाळेची आठवण आम्हांला झाली नाही. ती झाली चपराशाला. तेरवी होऊन गेल्यावर तो कचेरीत आला, दारातूनच ओरडला, "सुटली जी, बाबूजी, सुटली! पेढे पाह्यजेत!"

या खेपेला मी आधी विचारलं, कोणाची. विचारतानाच उत्तर कळलं होतं.

मी मळ्यावर गेलो. तिचा बाप वांग्यांच्या वाफ्यात उकिडवा बसला होता. निंदत नव्हता, नुसताच बसला होता.

"पोरीला शाळेत पाठवा," मी म्हणालो.

"आन लेकरू कोन पाहीन, बाबूजी? तुमी?"

बाळाला वाढवायचं, मळा पाहायचा, बाजार करायचा. त्या घरात आता बाई म्हणून तीच होती. तेरा वर्षांची.

पुन्हा बडनेरा, पुन्हा अकोला. तपासणीस बाईंनी मला ओळखलं. माझा नवा अर्ज वाचला, चष्मा काढून ठेवला.

"आधीचा अर्ज जागा मिळावी म्हणून होता. हा मिळू नये म्हणून?"

"तिची तिला ठेवा, बाई. चार-सहा महिने. पोर हुशार आहे."

त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात तारीख घातली. "महिनाअखेरपर्यंत ठेवते," म्हणाल्या. "पुढं नाही ठेवता येणार. माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं."

महिना संपला. ती आली नाही. आमच्या मुलीनं सांगून टाकलं, "मी नाही जात तिच्या जाग्यावर." जेवणसुद्धा सोडलं. मी समजावलं, रागावलो, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका सकाळी काकूंची मुलगी आली. डोक्यावर आईची टोपली, कडेला बाळ. टोपली उतरवायला मी धावलो, तर म्हणाली, "राहू द्या बाबूजी, सवय होऊन राहिली." मग आमच्या मुलीकडं वळून रागानंच बोलली, "कावून नाही जात व? तू नाही गेली त मले कोन सांगन, काय शिकवलं ते?"

आमची मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. संध्याकाळी दप्तर घेऊन मळ्यावर. पावसाळा सरेपर्यंत रोज गेली, मग आठवड्यातून एकदा. मग बाळ चालायला लागलं, त्याला धरता धरता धडे राहून जायचे. पुढच्या वर्षी काकूंच्या मुलीचं लग्न झालं.

नवस मात्र राहिला होता. बोललेलं फेडायचं की नाही, यावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. जागा मिळाली त्याच वर्षी, दसऱ्याच्या आधी एक दिवस आमच्या हिनं खण-नारळ काढला, तांदूळ बांधले आणि म्हणाली, चला. देवीपुढं ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी नुसता उभा होतो. मला काय म्हणावं ते सुचलं नाही, आणि अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा!

घराच्या पायरीशी आल्यावर तिनं हातातली रिकामी परडी पाहिली आणि म्हणाली,

"फुलं इकत घ्या लागले, हो. तिच्या मळ्यातले येनार होते."