अण्णांचा तीन नंबरचा शिक्का

सुरतेजवळ सचिन नावाचं गाव आहे, तिथल्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, पुढे एक खोली आणि मागे शेड. कपाटातली सर्टिफिकेटं जुनी झाली की फाडून टाकायची, असा आमच्याकडे नियम आहे. किस्स्यांना मात्र असला काही नियम नाही. ते साचतच जातात. चहाला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ते बनियानचं सांगा ना!" आणि झालं, गेली दुपार.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर मधेच विचाराल. तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर जे जे काही वजन उचलतं ते आम्ही तपासतो. क्रेन, हुक, साखळी, तारेचा दोर. ठीक असेल तर सर्टिफिकेट, नसेल तर लाल रंग. मी सुनंदा. माहेर जळगावकडचं, राहते सुरतेत, पर्वत पाटिया भागात. मी रिगवर जात नाही. इन्स्पेक्टर हाताने लिहून आणतात ते टाइप करते आणि त्यांच्या चुका पोटात घालते. मालक महेशभाई. तपासणारे दोघंच, अमळनेरचा योगेश आणि शिरपूरकडचे निकुंभ अण्णा.

प्रत्येक इन्स्पेक्टरचा नंबर घातलेला शिक्का असतो. तो बसल्याशिवाय सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद. आणि शिक्का कुणाकडे राहणार ते दरवर्षी डोळ्यांची परीक्षा ठरवते. कार्डावरची सगळ्यात बारीक ओळ वाचता आली नाही, की शिक्का कपाटात आणि माणूस घरी. अण्णांचा शिक्का तीन नंबरचा. एक आणि दोन नंबरवाले कधीच रिटायर झाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी साखरेने अण्णांच्या डोळ्यांवर घाला घातला, तेव्हापासून ते एकच म्हणायचे, "शिक्का गेला तर घरी बसून मी काय करू? पंखा तपासू?"

०००

अण्णांनी हजिऱ्याच्या पुढे समुद्रातल्या एका रिगवर तारेचा दोर रिजेक्ट केला. दोन तारा तुटलेल्या. लाल रंग मारला, रिपोर्ट दिला, परत आले.

पुढच्या खेपेला गेले तर क्रेनला एक छान हिरवागार दोर लटकतोय. त्या तिमाहीचा पास झालेल्या वस्तूंचा रंग हिरवाच होता. अण्णांनी फडकं घेऊन दोरावरून अंगठा फिरवला. तीच जागा, त्याच दोन तारा!

त्यांनी क्रेनवाल्याला बोलावलं. "अरे, ये तो लाल था!"

क्रेनवाला बिचारा एकदम सरळ. म्हणाला, "हाँ साहब, लाल रंग खराब हो गया था. इसलिए हरा मार दिया."

त्या दिवशी अण्णांनी कटर मागवला आणि दोराचे तुकडे केले. तेव्हापासून त्यांचा नियमच झाला. लाल रंग मारायचा, कापायचं आणि मगच बोटीत बसायचं. योगेशला त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं, "न कापता सोडू नको. नाही कापलं तर परत येतं."

पण किस्सा इथे संपत नाही. पुढच्या फेरीला अण्णांना त्याच दोराचा तुकडा किचनमागे दिसला. आचाऱ्याने दोन खांबांमध्ये ताणून त्यावर कपडे वाळत घातले होते. अण्णा बघायला लागले तसा आचारी घाबरला. "साहब, ये तो रिटायर है. इस पर सिर्फ बनियान है."

अण्णांनी खिशातून पत्र्याची पट्टी काढली, ठोकून ठोकून अक्षरं उमटवली आणि ती दोराला बांधली. 'सुरक्षित भार: चार बनियान.'

योगेश सांगतो, पट्टी अजून आहे. आणि खरंच कुणी पाचवं घालत नाही!

०००

क्रेन तपासायची म्हणजे तिला वजन उचलायला लावायचं. एवढं वजन न्यायचं कुठून? म्हणून आमच्याकडे पाण्याची पिशवी आहे. पिशवी म्हणजे दहा टनांची. क्रेनला अडकवायची, टँकरने पाणी भरायचं, वर उचलायची, थोडा वेळ तशीच धरायची, मग पाणी सोडून द्यायचं.

भरूचच्या पुढे शेतातल्या एका रिगवर ऐन मे महिन्यात टेस्ट होती. पिशवी वर गेली. आणि गावाकडून बायका निघाल्या. हंडे, कळश्या, बादल्या, एक तर पिंप ढकलत आणत होती! सगळ्या येऊन बरोब्बर पिशवीखाली उभ्या.

टांगलेल्या वजनाखाली उभं राहायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. अण्णा हातवारे करत धावले. चिडले की ते थेट अहिराणीवर येतात. "व्हा बाजूले! मरनं शे का तुमले?"

कुणाला अहिराणी कळणार तिथे? पुढची म्हातारी शांतपणे हंडा ठेवून म्हणाली, "भाई, पाणी उपर लटकावीने शुं जुओ छो? नीचे आपो ने!" पाणी वर टांगून काय बघत बसलात, खाली द्या की, असं तिचं म्हणणं.

अण्णा म्हणाले, "ए पीवानुं नथी, बा! ए वजन छे!"

म्हातारीने पिशवीकडे बघितलं, मग अण्णांकडे. म्हणाली, "तो ढोळी देशो?"

ओतून देणार, हे तर खरंच होतं. अण्णांनी बायकांना हद्दीसाठी बांधलेल्या दोरीबाहेर लांब उभं केलं, टेस्ट पुरी केली, पिशवी जमिनीवर आणली आणि नळी लावून एकेक हंडा भरून दिला. तीन तास! महेशभाईंचे इकडे फोनवर फोन.

महिन्याभराने ऑफिसला गावच्या सरपंचाचं पत्र आलं. तुमची तपासणी आम्हाला फार आवडली, तरी ती दर आठवड्याला व्हावी ही विनंती!

०००

पर्वत पाटियात आमच्या सोसायटीचं गणेश मंडळ आहे. अध्यक्ष साड्यांचे व्यापारी. एका वर्षी मूर्ती मोठी होती, म्हणून विसर्जनाला क्रेन सांगितली. अण्णा दर्शनाला आले होते. त्यांनी क्रेन बघितली आणि ते थेट तिच्याकडे निघाले.

"सर्टिफिकेट कुठे आहे?" अण्णा.

क्रेनवाल्याने काचेवर चिकटवलेला देवीचा फोटो दाखवला.

"टेस्ट केल्याशिवाय बाप्पा हलणार नाही," अण्णा म्हणाले. "वजन किती बाप्पाचं?"

अध्यक्षांनी कानाला हात लावले. "अण्णा, देवाचं वजन विचारतात का?"

"उचलायचं असेल तर विचारतात!"

मूर्तिकाराला फोन लावला. तो म्हणाला, पाटासकट एक टन. टेस्टला सव्वापट वजन लागतं, म्हणजे सव्वा टन हवं. ते आणायचं कुठून? अध्यक्षांचा टेम्पो साड्यांच्या गाठींनी भरलेला उभाच होता, आणि प्रत्येक गाठीवर वजन लिहिलेलं. अण्णांनी गाठी मोजून जाळ्यात बांधल्या आणि इशारा केला. जाळं वर गेलं.

बँडवाल्यांना काय माहीत? क्रेन हलली म्हणजे बाप्पा निघाले! त्यांनी जे वाजवायला सुरुवात केली! मागची पोरं नाचायला लागली, गुलाल उडाला, वरच्या गॅलरीतून बायकांनी फुलं टाकली. साड्यांच्या गाठींना हात जोडून दोनशे माणसं ओरडत होती, "पुढच्या वर्षी लवकर या!" आणि खरे बाप्पा मागे मांडवात निवांत बसलेले. मी हसून हसून रस्त्यातच खाली बसले.

क्रेन पास झाली. गाठी मात्र फाटून साड्यांवर गुलालाचे डाग पडले. अध्यक्ष आठवडाभर अण्णांशी बोलले नाहीत. मग एक दिवस स्वतःच पेढे घेऊन आले. डागाळलेला माल त्यांनी 'नवीन डिझाइन' म्हणून काढला होता, आणि कानपूरहून आणखी मागणी आली होती!

०००

महेशभाईंच्या घरी झोपाळा आहे. सुरतेत कुणाच्या घरी नसतो म्हणा! त्यावर त्यांच्या बा, म्हणजे आई, बसतात. दिवाळीला आम्ही सगळे गेलो, तर अण्णा बसायच्या आधी स्टुलावर चढले. एक हात छताच्या हुकावर आणि नजर भलतीकडेच, भिंतीवरच्या घड्याळावर. मला वाटलं वेळ बघताहेत. अंगठा हुकावर फिरत होता. एका जागी थांबला. "चीर आहे."

बा भडकल्या. "त्रीस वरसथी बेसुं छुं. हजी सुधी पडी नथी!"

"बा, तमारुं वजन केटलुं?" अण्णांनी विचारलं.

महेशभाई अक्षरशः दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. बाप्पाचं वजन तरी कळलं, बांचं आजतागायत कळलेलं नाही. हुक मात्र बदलला. जुना उतरवून योगेशने प्रकाशात धरला तर खरंच केसाएवढी चीर होती. मला म्हणाला, "ताई, मला डोळ्याने दिसायला दोन मिनिटं लागली. अण्णांनी तर बघितलंच नाही."

आम्ही दोघं त्यावर हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

०००

कारण मला कळायला लागलं होतं. अण्णांचं अक्षर माझ्याइतकं कोण ओळखणार? पूर्वी एका पानात बारा ओळी बसायच्या. मग आठ झाल्या. मग पाच. शेवटी शेवटी एका हुकाला एक पान! महेशभाई कागदावरून कुरकुरले, तर अण्णा म्हणाले, "अक्षर मोठं असलं की चूक दिसते."

मग एकदा योगेशने चहाच्या वेळी हळूच माझ्या टेबलावर एक कडी ठेवली. अण्णांनी पास केलेली. कडीच्या आतल्या वळणात, जिथे अंगठा पोचत नाही तिथे, चीर होती. क्रेनला लागायच्या आधी त्याने बाजूला काढली होती. तो म्हणाला, "महेशभाईंना सांगू?"

मी म्हटलं, "थांब." का म्हटलं? अण्णांनी मला बोट धरून हे काम शिकवलं म्हणून. आणि त्या कडीखाली कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी बाप उभा असणार होता, हेही मला चांगलं माहीत होतं. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

आठ दिवसांनी, शनिवारी, डोळ्यांची परीक्षा होती. ती ऑफिसातच होते आणि मीच घेते. ड्रॉवरमधून कार्ड काढायचं, एक फूट अंतरावर धरायचं, समोरच्याने वाचायचं. कार्डावर एका बोटीबद्दल इंग्रजी उतारा आहे, खाली खाली बारीक होत जाणारा.

अण्णा भांग पाडून आले होते. महेशभाई आणि योगेश दारात उभे. मी ड्रॉवरमध्ये हात घातला, कार्ड काढलं, धरलं. अण्णांनी घसा साफ केला.

"द सी वॉज काम अँड द बोट लेफ्ट द हार्बर..."

काय सुंदर वाचत होते! मधे थांबत होते, डोळे बारीक करत होते, एका शब्दाला अडल्यासारखं करून मग तो बरोबर म्हणत होते. दुसऱ्या ओळीला माझी नजर सहज कार्डावर गेली. माझ्या हातात खमण-लोचोवाल्याचं कार्ड होतं. वर वाफाळत्या बशीचं चित्र, खाली 'होम डिलिव्हरी फ्री'.

आणि अण्णांची बोट वादळात सापडली होती!

मी थांबवलं नाही. कसं थांबवणार? सगळ्यात बारीक ओळीपर्यंत त्यांनी बोट सुखरूप किनाऱ्याला आणली. महेशभाईंनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "पास, अण्णा."

"दे, ठेवतो ड्रॉवरमध्ये," म्हणून त्यांनी कार्ड घेतलं आणि सवयीने त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला.

"आपल्या कार्डाचा कोपरा दुमडलेला आहे," अण्णा म्हणाले. "हे कोणतं?"

मी कार्ड घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी ते सोडलं नाही.

"सुनंदा, हे कोणतं कार्ड आहे?"

"लोचोवाल्याचं," मी म्हटलं आणि मला रडूच आलं.

महेशभाई एकदम पुढे आले. "अरे अण्णा, एमां शुं? सर्टिफिकेट आपणे बनावी लईशुं! डोळ्यांचं सर्टिफिकेट म्हणजे घरचंच काम!"

अण्णा हसले. मला म्हणाले, "रडू नको, पोरी." मग खिशातून तीन नंबरचा शिक्का काढून शेडमध्ये गेले. आम्ही तिघं मागोमाग. त्यांनी डबा उघडून शिक्क्याला लाल रंग मारला, नीट, सगळ्या बाजूंनी. व्हाइसच्या पकडीत धरला आणि आरीने मधोमध कापला. दोन्ही तुकडे भंगारच्या पिंपात टाकून त्यांनी फडक्याला हात पुसले.

मी म्हटलं, "अण्णा, कापायचा कशाला? कपाटात ठेवला असता तरी चाललं असतं ना!"

"ठेवला असता तर सोमवारी मी परत आलो असतो," अण्णा म्हणाले.