चपलांपासून वर

अण्णा भेटले की आधी पायांकडे बघायचे. नमस्कार नंतर. समोरच्याच्या चपला, टाचा, नखं सगळं बघून झालं की नजर हळूहळू वर चढायची आणि चेहऱ्यापर्यंत पोचली की मग ते हसायचे. पहिल्या भेटीत मी उगाचच साडीच्या निऱ्या सारख्या केल्या होत्या.

"खालून वर जायचं, बाई," ते म्हणायचे. "कापड तसंच चढतं."

सोलापुरी चादरीवरचा मोर तुम्ही पाहिला असेल. त्याची मान लांबून गोल दिसते, पण जवळ गेलं की पायऱ्यापायऱ्यांची असते. अण्णांनी जन्मभर त्या पायऱ्या घातल्या. ग्राफपेपरवर एकेक बारीक चौकोन रंगवायचा, तळच्या ओळीपासून वरच्या ओळीकडे, कारण माग कापड विणतो तेही खालच्या काठापासून. डावी बाजू झाली की उजवीकडे तीच उलटी. एक मोर व्हायला चार दिवस लागत. पुढे कारखान्यात संगणक आला, तो हेच काम चहा निवायच्या आत करू लागला आणि अण्णा घरी बसले.

मी शाळेत चित्रकला शिकवते. रविवारी सकाळी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका वाचनालयाच्या माडीवर माझा वर्ग असतो, चित्रकलेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी. माझा स्वभाव तापट आहे आणि ते मला माहीत आहे. बहात्तर वर्षांचे अण्णा पट्टी आणि ग्राफपेपर घेऊन तो अरुंद जिना चढून आले, तेव्हा यांना नाही कसं म्हणायचं एवढाच विचार माझ्या मनात आला.

"माणूस काढायला किती दिस लागतील?" त्यांनी विचारलं.

चांगला काढायचा तर दोन वर्षं लागतील, असं मी सांगितलं. तेवढ्यानं ते जातील असा माझा हिशोब होता.

"चांगला नको, बाई. चटकन पायजे."

असं मला आजवर कुणी मागितलं नव्हतं. मी त्यांना खिडकीजवळची जागा दिली आणि पट्टी काढून घेतली. पट्टी देताना त्यांचा चेहरा असा झाला की आपण त्यांचा चष्माच काढून घेतलाय की काय, असं मला वाटलं.

तिसऱ्या रविवारी मी त्यांना घाईचं कारण विचारलं. कारण होते राजय्या. अण्णांच्या गल्लीतच राहणारे, त्यांच्याच कारखान्यातले विणकर. अण्णा ग्राफवर मोर काढत आणि राजय्या तो मागावर उतरवत. पन्नास वर्षांची दोस्ती. संध्याकाळी चार वाजता राजय्यांच्या ओट्यावर बसून दोघं अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत गल्लीची उणीदुणी काढत. पण मागांच्या खटखटीत राजय्यांचे कान गेले. मुलानं कानाला लावायचं यंत्र आणलं. ते लावलं की कानात पुन्हा कारखाना सुरू होतो म्हणून त्यांनी डबीत ठेवून दिलं. मग घरचे ओरडून बोलू लागले, आणि सगळे आपल्याला रागवतायत असं त्यांना वाटू लागलं. लिहून दाखवावं तर सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं. खुणांनी चहा होतो, जेवण होतं, गप्पा होत नाहीत. शेवटी त्यांनी ओट्यावर येणंच सोडलं आणि आतल्या खोलीत खाट टाकली.

"त्यानं तोंड भिंतीकडं केलंय, बाई," अण्णा म्हणाले. "असा माणूस लवकर जातो. मी बघितलीत तसली. त्याला रोजच्या गोष्टी सांगायच्या हायत मला. काढून."

त्या दिवसापासून मी त्यांना शिकवायला लागले. त्याआधी नुसतं बसवून ठेवलं होतं, हे कबूल करते.

शिकवणं सोपं नव्हतं. अण्णांची सगळी माणसं दोन्हीकडून सारखी यायची. दोन्ही हातांत पिशव्या, छातीवर दोन्हीकडे खिसे, बटणांची ओळ बरोबर मधोमध. सायकलवरचा माणूस समोरून काढला, तर त्यांनी शेजारी तसाच उलटा दुसरा काढला, कारण कागद रिकामा राहिला होता. आणि सुरुवात चपलेपासून. चपला इतक्या बारकाईनं काढत की त्यातच कागदाचा तळ भरून जाई. मग पाय, मग धोतर किंवा पँट, मग पोट, आणि गळ्यापाशी कागद संपे. वर्गातली मुलं हसून हसून बेजार झाली. मी डोक्यापासून सुरू करायला सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा चपलेपासून सुरू केलं.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर म्हणाले, आज दाखवतोच त्याला. माझं म्हणणं होतं की अजून सहा महिने थांबा, बिनमुंडक्याची माणसं बघून तो बिचारा घाबरेल. ते थांबले नाहीत. मीही त्यांच्यामागून गेले. खरं सांगायचं तर माझ्या शिकवणीचा फजितवाडा मला स्वतःला बघायचा होता.

राजय्या खरोखरच भिंतीकडे तोंड करून पडले होते. अण्णांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, वही डोळ्यांसमोर धरली. पानावर एक गळ्यापर्यंतचा माणूस होता, दुसऱ्या पानावर एक बाई, तीही गळ्यापर्यंतची. राजय्यांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ पाहिलं. मग उठून बसले. अंगठ्याच्या नखानं चपलेवर टिचकी मारून ते मोठ्या आवाजात म्हणाले, "हा पिठाच्या गिरणीवाला हाय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. राजय्यांनी पान उलटलं. बाईच्या पायातली मासोळी वाकडी होती. "आणि ही त्याची विहीण. भांडली का परत?"

गिरणीवाल्याचं आणि विहीणबाईंचं लग्नातल्या मानपानावरून भांडण झालं होतं, तेच अण्णांना सांगायचं होतं. राजय्या म्हणजे जन्मभर मागापाशी मान खाली घालून उभा राहिलेला माणूस. शेजारून कोण गेलं हे त्यानं पायांवरूनच ओळखलेलं. मी सहा महिने ज्या डोक्यांसाठी भांडणार होते, त्यांची तिथं कुणालाच गरज नव्हती. राजय्या हसले तेव्हा त्यांची सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं ते हसणं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते, म्हणून मी अण्णांना म्हटलं की विहीणबाईंना दोन्ही हातांत पिशव्या कशाला दिल्यात.

पुढच्या आठवड्यात खाट ओट्यावर आली. चार वाजले की अण्णा वही घेऊन हजर. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची गाडी घसरली, कुणी भाडेकरूला काढलं, सगळं चपलांपासून गळ्यापर्यंत. राजय्या मोठ्यानं उत्तरं देत, त्यामुळे गुप्त असं काही राहिलं नाही. गल्लीतले आणखी तीन-चार म्हातारे येऊन बसू लागले, आपल्याबद्दल काय काढलंय ते बघायला. त्यातल्या एकानं नवीन बूट घेतले, तर राजय्यांना तो आठवडाभर ओळखूच आला नाही.

अण्णांचा वर्ग मात्र सुटला नाही. मुलगा म्हणाला, आता तर जमतंय की, कशाला जिने चढता. अण्णांचं उत्तर ठरलेलं असे, अजून चटकन येत नाही. तापातून उठल्यावर एका रविवारी ते जिन्याच्या एकेका पायरीवर बसत, टेकत वर आले. मी रागावले. ते म्हणाले, खालून वर जायला वेळ लागतोच. हात कापू लागला तेव्हा म्हणाले, बरं झालं, कुरळे केस आपोआप येतात. केस काढायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

एकदा माझ्या हट्टापायी त्यांनी डोक्यापासून माणूस काढला. नाक, डोळे, सगळं नीट. राजय्यांनी ते पान पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि परत दिलं. कोण हाय हा, म्हणाले. त्यानंतर मी डोक्यांचा विषय काढला नाही.

यंदा उन्हाळ्यात राजय्या आठ दिवस मोहोळला मुलीकडे गेले होते. त्याच आठवड्यात एका सकाळी अण्णा चहा पिता पिता गेले. राजय्यांच्या मुलीला फोनवर कळवलं होतं, पण बापाला हे खुणांनी कसं सांगायचं, या विचारानं तिनं काहीच सांगितलं नाही. राजय्या घरी परतले आणि चार वाजता ओट्यावर येऊन बसले.

अण्णांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, तुमीच सांगा त्यांना. तुमाला काढता येतं."

वीस वर्षं मी मुलांना चित्रकला शिकवते आहे. ओट्यावर राजय्यांच्या शेजारी बसले, मांडीवर वही घेतली, आणि मला काय काढायचं ते सुचेना. शेवटी पानाच्या तळाशी अण्णांच्या चपला काढल्या. डाव्या चपलेचा अंगठा सुतानं शिवलेला होता, त्याची गाठही काढली. चपलांत पाय काढले नाहीत.

राजय्यांनी लगेच ओळखलं आणि ते हसले. मी पुढे काय काढते याची ते वाट बघू लागले.

"फुडं काढा की, बाई."

मी पेन्सिल वहीवर ठेवली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चपलांकडे. गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. गल्लीत कुणी बोलत नव्हतं, पण ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी वही माझ्या मांडीवरून उचलली आणि पेन्सिल मुठीत धरली, मागाचा दांडा धरावा तशी. या माणसानं सहीपलीकडे कधी काही काढलं नव्हतं. चपलांत आधी पाय आले. मग ढगळ पायजमा, मग सदरा, एकाच बाजूला खिसा. मी सवयीनं चपला लहान काढल्या होत्या, त्यामुळे वर जागा उरली होती. खांदे आले, मान आली. मग एक वेडावाकडा गोल, त्यात चष्मा आणि थोडंसं हसू.

"डोकं बसलं," राजय्या मोठ्यानं म्हणाले. "त्याला दाखवायला पायजे हुतं." मग वही छातीशी धरून ते रडले. मीही रडले, आणि या वेळी चिडले नाही.

त्या दिवशी त्यांची खाट आत नेऊ का, असं सुनेनं हातानं विचारलं. त्यांनी खाटेचा पाय पायानं दाबून धरला.

रविवारी साडेआठला जिन्यावर चपला वाजल्या. फार हळू, मध्ये मध्ये थांबत. राजय्या दारात आले, धाप टाकत उभे राहिले, खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसले. सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढली, कोरा कागद पुढे ओढला आणि माझ्या पायांकडे बघायला लागले.